अपडेट झाला की स्कॅनर गायब: सोर्समधून बसवलेल्या सेनच्या दोन प्रती शोधणं आणि काढणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे का ते लगेच कळेल. संगणकावर उबंटू किंवा डेबियन आहे. स्कॅनर नवा होता तेव्हा सिस्टिम तो ओळखत नव्हती, म्हणून सेन या स्कॅनर चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उतरवून, कंपाइल करून (म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून) बसवला. स्कॅनर चालू झाला. काही महिन्यांनी अपडेट आला आणि स्कॅनर दिसेनासा झाला. पुन्हा कंपाइल केलं, पुन्हा चालू झाला, पुन्हा गेला. याच दुखण्याची दुसरी तऱ्हा अशी: जुना स्कॅनर व्यवस्थित चालतो, पण नवीन आणलेलं यंत्र काही केल्या यादीत येत नाही. ते मोबाइलवरून स्कॅन करून देतं, शेजारच्या विंडोज संगणकावरूनही देतं, फक्त आपल्याच संगणकाला दिसत नाही.

या दोन्ही तऱ्हांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. संगणकावर सेनच्या दोन प्रती असतात, एक सिस्टिमच्या तयार पॅकेजमधून आलेली आणि एक आपण कंपाइल केलेली. त्या एकमेकींना झाकतात किंवा पुसतात. हे कळायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहितो आहे. कमांड आणि फोल्डरांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टंकायची.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे दोन संगणक मी सांभाळतो. वाचनालय ‘ब’ वर्गातलं, अनुदान बेताचं, त्यामुळे सगळं काम मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. तिथे जुनी मासिकं आणि दाखल नोंदवह्या स्कॅन करण्याचं काम सुरू आहे. काही अंकांचा कागद इतका ठिसूळ झालाय की पान एकदा काचेवर ठेवून उचललं की कडेचे तुकडे हातात येतात. असं पान दुसऱ्यांदा काचेवर ठेवायची वेळ येऊ नये, एवढीच आमची धडपड. म्हणून ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, ‘‘अहो, स्कॅनर परत दिसेना झालाय, अंक तर उघडून ठेवलाय,’’ की मला खरोखर धस्स व्हायचं.

स्कॅनर कॅननचा लाइड ३००. २०१९ मध्ये घेतला तेव्हा दोन्ही संगणकांवर उबंटू १८.०४ होतं आणि त्यात सेन १.०.२७ होतं. लाइड ३०० आणि ४०० यांना आधार मिळाला तो १.०.२८ मध्ये, आणि ही आवृत्ती २०१९ च्या जुलैअखेर निघाली. सोर्समधून बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिल्या संगणकावर मी ते थेट /यूएसआर मध्ये बसवलं, म्हणजे पॅकेजच्या फायलींवरच. दुसऱ्यावर कॉन्फिगरला (कंपाइलआधी तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) काहीच न सांगता बसवलं, त्यामुळे ते /यूएसआर/लोकल मध्ये गेलं. दोन्हीकडे स्कॅनर चालला. दोन्हीकडे पुढे बिघाड झाला, फक्त वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या रूपात.

पहिल्या संगणकाचं आधी. २०२० च्या मे महिन्यात सेनची १.०.३० ही आवृत्ती सुरक्षेतल्या त्रुटी दुरुस्त करण्यासाठी निघाली आणि त्याच वर्षी उबंटूनेही आपल्या जुन्या आवृत्त्यांसाठी त्या दुरुस्त्या पाठवल्या. अपडेटने लिबसेनचं, म्हणजे सेनच्या मुख्य लायब्ररीचं, पॅकेज बदललं आणि मी कंपाइल केलेल्या १.०.२८ च्या फायलींच्या जागी दुरुस्त केलेल्या १.०.२७ च्या फायली आल्या. पॅकेज व्यवस्थेच्या दृष्टीने त्या फायली तिच्याच होत्या. मी त्यात हात घातलाय हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. स्कॅनर गेला. मी पुन्हा मेक इन्स्टॉल केलं (कंपाइल केलेल्या फायली जागेवर बसवणारी कमांड), स्कॅनर आला, आणि नुकत्याच झालेल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याबरोबर पुसल्या गेल्या. हे मला नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण तो संगणक वाचनालयाच्या नेटवर्कवर होता. महिन्याभराने छपाई बिघडली म्हणून एका मदतनीसाने काही पॅकेजेस पुन्हा बसवली, त्यात लिबसेनही होतं. पुन्हा तोच फोन.

दुसऱ्या संगणकावर तीन वर्षं काहीच झालं नाही. तो १८.०४ वरून २०.०४ वर आणि तिथून २२.०४ वर गेला, लाइड ३०० चालूच राहिला. मग वाचनालयाला देणगीत एक नेटवर्कचं बहुकार्य यंत्र मिळालं, छपाई आणि स्कॅन दोन्ही करणारं. अशा नव्या यंत्रांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ती ईएससीएल नावाच्या पद्धतीने नेटवर्कवरून बोलतात आणि २२.०४ मधल्या सेनला ती बोली येते. तरीही यंत्र यादीत येईना. मी राउटर तपासला, केबल बदलली, यंत्राचं सेटिंग तीनदा मूळपदावर नेलं. जुना स्कॅनर चालत होता, त्यामुळे संगणकावर संशय घ्यायचं सुचलंच नाही. सगळा दोष नव्या यंत्राच्या माथी मारत बसलो.

सुगावा लागला तो एअरस्कॅन-डिस्कव्हर या कमांडने. ही कमांड नेटवर्कवरची स्कॅन करणारी यंत्रं स्वतःच शोधते, लिबसेनमधून जात नाही. तिने यंत्र लगेच दाखवलं, नाव आणि पत्त्यासकट. त्याच मिनिटाला स्कॅनइमेज डॅश कॅपिटल एल मात्र फक्त लाइड ३०० दाखवत होतं. म्हणजे नेटवर्क ठीक, यंत्र ठीक, मधला दुवा तुटलेला.

आता हा दुवा कसा चालतो ते थोडक्यात. सिंपल स्कॅन, एक्ससेन, जीस्कॅनटूपीडीएफ, टर्मिनलमधलं स्कॅनइमेज, यांतलं कुणीच स्कॅनरशी थेट बोलत नाही. सगळे लिबसेन नावाच्या एका लायब्ररीचं दार ठोठावतात. ती डीएलएल.कॉन्फ ही फाइल वाचते आणि त्यात नाव असलेले बॅकएंड, म्हणजे एकेका प्रकारच्या स्कॅनरशी बोलणारे भाग, एकेक करून उघडते. लाइड १२० किंवा २२० असेल तर जेनेसिस, लाइड ३०० असेल तर पिक्समा, नेटवर्कच्या यंत्रासाठी ईएससीएल किंवा एअरस्कॅन. महत्त्वाची गोष्ट अशी की बॅकएंड कुठे शोधायचे आणि डीएलएल.कॉन्फ कुठून वाचायची हे पत्ते लिबसेनमध्ये कंपाइल होतानाच पक्के होतात. पॅकेजमधली लिबसेन /ईटीसी/सेन.डी वाचते. /यूएसआर/लोकल मधली लिबसेन /यूएसआर/लोकल/ईटीसी/सेन.डी वाचते आणि बॅकएंड /यूएसआर/लोकल/लिब/सेन मध्येच शोधते. पॅकेजमधून आलेला नवा बॅकएंड, किंवा स्कॅनर कंपनीच्या पॅकेजने आणून ठेवलेला ड्रायव्हर, तिला कधीच दिसत नाही.

आणि डेबियन-उबंटूवर दोन्ही लिबसेन असतील तर आधी मान /यूएसआर/लोकल ला मिळतो. लायब्ररी शोधण्याचा क्रम तसाच ठेवलेला आहे. त्यामुळे सिंपल स्कॅन पॅकेजमधला, अगदी ताजा, तरी त्याच्या पोटात गेलेली लिबसेन माझी २०१९ ची होती. ईएससीएल बॅकएंड सेनमध्ये आला तो १.०.२९ पासून. माझ्या १.०.२८ ला ती बोली येणार कुठून?

तपासणी कशी करायची, तर सुरुवात आवृत्तीच्या आकड्यांपासून. माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक वेळा उत्तर इथेच मिळतं, आणि तरीही हे कुणी बघत नाही. स्कॅनइमेज डॅश कॅपिटल व्ही ही कमांड द्या. उत्तराच्या ओळीत दोन आकडे येतात. पहिला स्कॅनइमेज या कमांडचा स्वतःचा, आणि ‘बॅकएंड व्हर्जन’ या शब्दांपुढचा दुसरा, म्हणजे तिने प्रत्यक्षात उघडलेल्या लिबसेनचा. आता डीपीकेजी डॅश एल देऊन पॅकेजमधली लिबसेन कोणती आहे ते पाहा. २०.०४ असेल तर १.०.२९, २२.०४ असेल तर १.१.१, २४.०४ किंवा डेबियन १२ असेल तर १.२.१ अपेक्षित आहे. स्कॅनइमेजचे दोन आणि पॅकेजचा एक, हे तिन्ही आकडे एकाच आवृत्तीचे असतील तर प्रतींचा घोळ बहुधा नाही, थेट परवानग्यांच्या भागाकडे जा.

दोन्ही आकडे सारखे, पण पॅकेजपेक्षा वेगळे असतील, तर तुम्ही चालवलेली कमांडच /यूएसआर/लोकल मधली आहे. खात्रीसाठी पूर्ण पत्ता देऊन चालवा, /यूएसआर/बिन/स्कॅनइमेज डॅश कॅपिटल व्ही. माझ्याकडे याचं उत्तर आलं: पहिला आकडा १.१.१, दुसरा १.०.२८. पॅकेजमधल्या कमांडच्या पोटात जुनी लिबसेन. एका ओळीत सगळा उलगडा झाला.

तिसरी शक्यताही वारंवार भेटते: पहिला आकडा नवा आणि दुसरा जुना, आणि हे कंपाइल केल्याबरोबर लगेच. ‘‘एकही एरर न येता बसलं, पण फरक काहीच पडला नाही’’ अशी तक्रार असते ती हीच. कॉन्फिगरला फक्त प्रीफिक्स (बसवायचं मुख्य फोल्डर) /यूएसआर सांगितलं की लायब्ररी /यूएसआर/लिब मध्ये जाते. डेबियन आपल्या लायब्ररी मात्र त्याच्या आतल्या, प्रोसेसरच्या नावाच्या फोल्डरात ठेवतं, म्हणजे /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू, आणि तेच आधी पाहिलं जातं. कमांड नवी झाली, लायब्ररी जुनीच राहिली.

एलडीकॉन्फिग डॅश पी चालवून त्यात लिबसेन शोधलं की किती प्रती आहेत आणि कुठे आहेत ते कळतं. यादीत जी वर ती वापरली जाते. व्हिच डॅश ए स्कॅनइमेज दिलं तर कमांडच्याही सगळ्या प्रती दिसतात. तरीही शंका असेल तर सेन_डीबग_डीएलएल या चलाची किंमत ५ ठेवून स्कॅनइमेज डॅश कॅपिटल एल चालवा. लिबसेन कोणत्या फोल्डरात कोणता बॅकएंड शोधते आहे आणि कुठे तो उघडता आला नाही, हे ती ओळीओळीने सांगते. हा मजकूर लांबलचक असतो, पण घाबरायचं कारण नाही. त्यातला फोल्डरचा पत्ता तेवढा वाचायचा.

आता सफाई. /यूएसआर/लोकल मधली प्रत काढायची असेल तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे ज्या सोर्स फोल्डरातून बसवलं तिथे जाऊन सूडो मेक अनइन्स्टॉल (सूडो म्हणजे कमांड प्रशासकाच्या, रूटच्या, हक्काने चालवणं). ते फोल्डर आता राहिलं नसेल तर त्याच आवृत्तीचा सोर्स पुन्हा उतरवा, कॉन्फिगर तसंच चालवा आणि मेक अनइन्स्टॉल द्या. नंतर हाताने बघा: /यूएसआर/लोकल/लिब मध्ये लिबसेन नावाने सुरू होणारं काही उरलंय का, शेजारचं सेन फोल्डर, /यूएसआर/लोकल/ईटीसी/सेन.डी, बिन मधलं स्कॅनइमेज आणि सेन-फाइंड-स्कॅनर, एसबिन मधलं सेनडी. उरलेलं काढा, पण /यूएसआर/लोकल मध्ये दुसऱ्या कुणी बसवलेल्या वस्तूही असू शकतात, म्हणून एकेक नाव वाचून काढा, सरसकट नको. शेवटी सूडो एलडीकॉन्फिग. त्याच टर्मिनलमध्ये लगेच स्कॅनइमेज चालवलं आणि ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर आलं तर काही मोडलेलं नाही. बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. हॅश डॅश आर द्या किंवा टर्मिनल बंद करून उघडा.

पॅकेजच्या फायलींवरच लिहिलं गेलं असेल, म्हणजे माझ्या पहिल्या संगणकासारखं, तर इथे मेक अनइन्स्टॉल नुसतं देऊन थांबू नका. ते पॅकेजच्या फायलीही उडवतं. त्यापाठोपाठ ॲप्ट इन्स्टॉलला डॅश-डॅश-रिइन्स्टॉल जोडून लिबसेन१, लिबसेन-कॉमन आणि सेन-यूटिल्स ही तीन पॅकेजेस पुन्हा बसवा (२०.०४ वर पहिल्याचं नाव नुसतं लिबसेन आहे). मग डीपीकेजी डॅश-डॅश-व्हेरिफाय त्या नावांसह चालवा. ते काहीच न बोलता परत आलं तर फायली मूळ पॅकेजच्याच आहेत.

एक जागा सगळ्यांकडून सुटते, माझ्याकडूनही सुटली होती. सोर्समधून बसवताना यूडेव्हचे (जोडलेली यंत्रं ओळखून त्यांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेचे) नियम आपोआप बसत नाहीत, म्हणून ते हाताने /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये टाकावे लागतात. मी टाकले होते, आणि फाइलचं नावही पॅकेजमधल्या फाइलचंच ठेवलं होतं. एकाच नावाच्या दोन फायली असतील तर यूडेव्ह /ईटीसी मधली वाचतं आणि दुसरीकडे बघतही नाही. पॅकेज कितीही नवं झालं तरी नियम २०१९ चेच लागू राहिले असते. ती फाइल काढा, यूडेव्हएडीएम कंट्रोल डॅश-डॅश-रीलोड द्या, आणि स्कॅनरची केबल काढून पुन्हा लावा.

दुसऱ्या संगणकावर एवढं केलं आणि नवं यंत्र यादीत आलं. एकदा नव्हे, दोनदा आलं, कारण ईएससीएल आणि एअरस्कॅन दोघांनीही ते आपापल्या नावाने दाखवलं. /ईटीसी/सेन.डी/डीएलएल.कॉन्फ मध्ये ईएससीएलच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकलं, एकच नाव राहिलं. लाइड ३०० पॅकेजमधल्या पिक्समावर पहिल्यासारखाच चालला. म्हणजे २०.०४ वर गेल्या दिवसापासून माझ्या कंपाइल केलेल्या प्रतीची तिथे गरजच नव्हती.

प्रतींचा घोळ नाही, तरी स्कॅनर दिसत नाही, असं असेल तर तीन कमांड याच क्रमाने चालवा. एलएसयूएसबी मध्ये स्कॅनरचा क्रमांक दिसतो का? लाइड ३०० असेल तर ०४ए९:१९१३. पहिला भाग कॅननचा, दुसरा मॉडेलचा. इथेच नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. लाइड मालिकेला वीज यूएसबी केबलमधूनच मिळते. लांब केबल किंवा स्वतःची वीज नसलेला हब असेल तर यंत्र उठतच नाही. मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावून बघा. मग सेन-फाइंड-स्कॅनर आणि शेवटी स्कॅनइमेज डॅश कॅपिटल एल. त्याला दिसलं आणि स्कॅनइमेजला दिसलं नाही तर बॅकएंड बसलेला नाही, डीएलएल.कॉन्फ मध्ये त्याचं नाव बंद आहे, किंवा तुमची आवृत्ती त्या मॉडेलपेक्षा जुनी आहे.

सूडो लावून दिसतो आणि सूडोशिवाय दिसत नाही, हा परवानगीचा प्रश्न. यावर रोज सूडो लावून सिंपल स्कॅन चालवणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. स्कॅन झालेल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे ग्रंथपालांना त्या हलवताही येत नाहीत. खरा उपाय यूडेव्हच्या नियमांत आहे. सेनचे नियम ओळखलेल्या स्कॅनरवर एक खूण करतात आणि ७० क्रमांकाची सिस्टमडीची फाइल ती खूण पाहून संगणकासमोर बसलेल्याला वापराची परवानगी देते. क्रम अंकांनी ठरतो. म्हणून हाताने टाकलेल्या नियमांच्या फाइलचं नाव ७० पेक्षा लहान अंकाने सुरू झालं पाहिजे. मी एका ठिकाणी ९० ने सुरू होणारी फाइल पाहिली आहे; नियम अक्षर न् अक्षर बरोबर होता, पण खूण होईपर्यंत ती पाहणारा पुढे निघून गेलेला. डेबियनवर स्कॅनर नावाचा गटही असतो. वापरकर्त्याला त्यात घातलं तर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्याशिवाय फरक पडत नाही.

आणि खरोखरच सोर्समधून बसवायची वेळ आली तर? येते, नाकारण्यात अर्थ नाही. मॉडेल नवं असतं, सेनच्या ताज्या आवृत्तीत त्याला आधार असतो आणि आपलं वितरण, म्हणजे आपली उबंटू किंवा डेबियन, दोन वर्षं मागे असतं. आधी सेन प्रकल्पाच्या आधार असलेल्या यंत्रांच्या यादीत मॉडेल आणि त्यापुढचा शेरा बघा. ‘कंप्लीट’ किंवा ‘गुड’ असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे, ‘अनसपोर्टेड’ असेल तर कितीही कंपाइल करून उपयोग नाही. मग नव्या उबंटूची किंवा डेबियनची लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करा आणि सिंपल स्कॅन उघडा. तिथे स्कॅनर चालला तर कंपाइल करण्यापेक्षा सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर नेणं शहाणपणाचं. अर्ध्या तासाचं काम, पुढचे कित्येक फोन वाचतात.

तरी कंपाइल करायचंच असेल तर असं करा. गिटलॅबवरून उतरवताना सेन-बॅकएंड्स नावाने जोडलेली प्रकाशनाची फाइल घ्या. ‘सोर्स कोड’ नावाखाली आपोआप तयार झालेली फाइल नको, तिच्यात कॉन्फिगर स्क्रिप्टच नसते आणि लोक तिथेच अडकतात. सोर्स रेपॉझिटरी चालू करून ॲप्ट बिल्ड-डेप सेन-बॅकएंड्स दिलं की लागणाऱ्या बहुतेक वस्तू एका फटक्यात येतात. हाताने घेणार असाल तर लिबयूएसबी १.० चं डेव्ह पॅकेज (कंपाइल करताना लागणाऱ्या फायलींचं) विसरू नका. ते नसेल तर कॉन्फिगर तक्रार न करता पुढे जातं आणि यूएसबीच न कळणारं सेन तयार होतं. म्हणून कॉन्फिगरला डॅश-डॅश-विथ-यूएसबी सांगायचंच. मग लिबयूएसबी नसेल तर ते तिथेच थांबतं. नेटवर्कच्या यंत्रासाठी ईएससीएल हवं असेल तर लिबकर्ल आणि लिबएक्सएमएल२ यांची डेव्ह पॅकेजेसही लागतात. सगळे बॅकएंड बांधायला जुन्या संगणकाला बराच वेळ लागतो. कॉन्फिगरच्या आधी बॅकएंड्स या चलात फक्त पिक्समा लिहिलं तर तेवढाच बांधला जातो.

जागा मात्र वेगळी निवडा. ना /यूएसआर, ना /यूएसआर/लोकल. प्रीफिक्स म्हणून /ऑप्ट मध्ये आवृत्तीच्या आकड्यासह एक फोल्डर द्या आणि बसवून झाल्यावर एलडीकॉन्फिगच्या यादीत ते घालू नका. सिस्टिमला या प्रतीचा पत्ता लागू द्यायचा नाही, हाच यातला मुद्दा. चालवताना एलडी_लायब्ररी_पाथ मध्ये त्या फोल्डरातलं लिब सांगून सिंपल स्कॅन सुरू करायचा. रोजच्या वापरासाठी सिंपल स्कॅनच्या डेस्कटॉप फाइलची प्रत घरच्या फोल्डरातल्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये ठेवून तिच्या एक्झेक ओळीत एवढं जोडलं की आयकॉनवर टिचकी मारून काम होतं. काढायची वेळ आली की /ऑप्ट मधलं एक फोल्डर आणि ही एक फाइल. परवानगीसाठी यूडेव्हचा नियम लागेल तो स्वतःच्या वेगळ्या नावाने ठेवा, अंक ७० च्या आत.

पॅकेज बांधायची सवय असेल तर याहून चांगला मार्ग म्हणजे नव्या डेबियनमधलं सेनचं सोर्स पॅकेज आणून आपल्या सिस्टिमवर डीपीकेजी-बिल्डपॅकेजने बांधणं. मग फायलींची मालकी ॲप्टकडेच राहते आणि वितरण त्या आवृत्तीच्या पुढे गेलं की ते स्वतःहून जागा घेतं. काहीजण लिबसेनला ॲप्ट-मार्क होल्ड लावून अपडेटच रोखतात. स्कॅनर जात नाही हे खरं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत, आणि होल्ड लावलाय हे वर्षभराने कुणालाच आठवत नाही. मी तो लावत नाही.

दोन-तीन गोष्टी या आजारासारख्या दिसतात पण आजार वेगळा असतो. यूएसबीने जोडलेलं बहुकार्य यंत्र ‘व्यस्त आहे’ म्हणत असेल तर आयपीपी-यूएसबी नावाच्या सेवेने ते आधीच ताब्यात घेतलेलं असू शकतं. ती बंद करण्याआधी यादीत तेच यंत्र ईएससीएल किंवा एअरस्कॅनच्या नावाने आलंय का बघा, तेच वापरा. पहिलं पान येतं आणि दुसऱ्याला अडकतं, असं असेल तर सेन_यूएसबी_वर्कअराउंड ची किंमत १ करून पाहा. स्नॅपस्कॅन, जीटी६८एक्सएक्स आणि एपजित्सू या बॅकएंडच्या स्कॅनरांपैकी अनेकांना फर्मवेअरची फाइल लागते. प्रीफिक्स बदलला की तिचा पत्ताही बदलतो, कॉन्फ फाइलमध्ये तो तपासा. आणि बांधीव अंकाच्या शिवणीजवळ अक्षरं पुसट येत असतील तर त्यासाठी काहीच कंपाइल करू नका. लाइडचा सेन्सर काचेला अगदी लागून असलेलंच स्पष्ट टिपतो, पान जरा उचललं गेलं की तेवढा भाग धूसर येतो.

सगळं झाल्यावर खात्री करताना सिंपल स्कॅनऐवजी टर्मिनलमधून करा. स्कॅनइमेजला मोड ग्रे, रेझोल्यूशन ३०० सांगून, पीएनएम फाइलमध्ये, लागोपाठ दोन वेळा. लाइड ३०० ची पूर्ण काच असेल तर प्रत्येक फाइल ९ एमबीच्या आसपास यायला हवी. फारच लहान आली तर स्कॅन मध्येच तुटलाय. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला पानं मराठी वाचायला द्यायची असतील तर ३०० च्या खाली जाऊ नका. ही चाचणी कोऱ्या कागदावर करा. मासिकाचं पान दोन्ही फायली नीट आल्यावरच काचेवर ठेवायचं.

वाचनालयात आता दोन्ही संगणकांच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, कोणती आवृत्ती कुठल्या फोल्डरात आहे, आणि यूडेव्हच्या नियमाच्या फाइलचं नाव. सध्या दोन्ही कागदांवर एकच नोंद आहे: ‘सेन पॅकेजमधलं. /ऑप्ट मध्ये काही नाही.’